मॉडेल ए फोर्डचे दिवे : भिंतीपासून वाघबिळापर्यंत

२४ नोव्हेंबर २०२४

काल भाचीच्या लग्नाहून परत येताना वडगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने भरलेली, आणि उसाची वाढी रस्त्यावर लोंबत होती. वेग चाळीसच्या आत होता म्हणून वाचलो. शेजारी आण्णा होते, मागे पोरगी आणि बायको. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. अंगणात उतरल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "दिवे असे नव्हते रं हिचे."

आण्णा माझे चुलते, वय ८१. ही १९२९ ची मॉडेल ए त्यांच्या वडिलांनी घेतलेली. उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या या फोर्ड गाड्या कॅनडातून यायच्या, आणि मुंबईत फोर्डची भारतातली कंपनी १९२६ ला सुरू झाली होती. आण्णांनी तरुणपणी या गाडीतून रात्रीचे घाट चढले-उतरले आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी सोडून देणार नाही. "जुन्या गाडीचे दिवे मिणमिणतेच असणार" असं मीच गेली आठ वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. ते खरं आहे का, हे आजवर एकदाही मोजलं नाही. आता मोजायचं.

एक गोष्ट आधीच ठरवली. मोठे बल्ब शेवटी, आणि लागलेच तर. फोर्डने या गाडीला २१ कॅन्डल पॉवरचे (बल्बच्या उजेडाचं जुनं माप) बल्ब दिले होते. त्या बल्बांचा प्रकाश जातो कुठे, ते आधी शोधायचं.

२६ नोव्हेंबर

गोडाऊनच्या आतल्या भिंतीला चुना मारला. मॉडेल एच्या मूळ माहितीपुस्तकात दिवे जुळवायची पद्धत फार सुंदर दिली आहे : गाडी रिकामी, जमीन सपाट, दिव्यांपासून २५ फुटांवर पांढरी भिंत. उजेडाच्या ठिपक्याचा वरचा काठ जमिनीपासून ३७½ इंचांवर, आणि दोन ठिपक्यांच्या मध्यांत ३० इंच अंतर. म्हणजे दोन्ही झोत सरळ पुढे, एकमेकांना समांतर.

फरशी डोळ्यांना सपाट वाटत होती. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावली तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांखाली दोन सेंटिमीटरचा उतार निघाला. मागच्या चाकांखाली फळ्या घातल्या, पुन्हा नळी लावली, चाकांच्या जागा ऑइलपेंटने आखून घेतल्या. भिंतीवर काळ्या रेघा : आडवी ९५ सेंटिमीटरवर, दोन उभ्या ७६ सेंटिमीटर अंतराने.

२७ नोव्हेंबर

पहिलं मोजमाप. इंजिन बंद, बॅटरी रात्रभर चार्ज केलेली, दिवे लावल्यावर बॅटरीवर ६.२ व्होल्ट. पोरगी लक्स मीटर (एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं यंत्र) घेऊन भिंतीपाशी, मी वहीवर.

डावा दिवा, सर्वांत उजळ जागी : ४१ लक्स.
उजवा : २९ लक्स.

भिंतीवरचं चित्र त्याहून वाईट. लांबट, आडवं अंडाकृती ठिपकं हवं. डावीकडे एक गोल पुंजका, मध्ये काळं भोक. उजवीकडचं ठिपकं तिरकं, एका कुशीवर कललेलं. वरचा काठ कुठे संपतो ते सांगताच येत नव्हतं. रेघेच्या वर हातभर उजेड सांडत होता. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा आणि आपल्या काहीच कामाचा नसलेला.

२८ नोव्हेंबर

रस्त्यावरची चाचणी. आमच्या शेताकडे जाणारा अर्धा किलोमीटर सरळ रस्ता रात्री दहानंतर रिकामा असतो. पोरगीने खुर्चीवर गोणपाट टाकून ती मला न सांगता कुठेतरी ठेवायची, मी सावकाश गाडी न्यायची, दिसलं की जागीच थांबायचं आणि टेपने अंतर मोजायचं. पाच वेळा केलं. सरासरी २८ मीटर.

मागच्या वर्षी ब्रेकचं काम केलं तेव्हा मोजलं होतं : चाळीसच्या वेगाने कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला १६ मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला तर आणखी १७. एकूण ३३ मीटर. आणि दिसतं २८ वर. परवा रात्री आम्ही का वाचलो याचं उत्तर या आकड्यांत नाही.

१ डिसेंबर

आजचा दिवस मल्टिमीटरचा. ज्यांच्याकडे सहा व्होल्टची गाडी आहे त्यांनी निदान हे एवढं तरी करावं.

बॅटरीवर ६.२. डाव्या बल्बच्या टोकांशी ५.०. उजव्याच्या ४.६. मध्ये गेलेला व्होल्टेज वायरींत, सांध्यांत आणि गंजात उष्णता होऊन जातो.

फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज थोडा पडला की उजेड खूप पडतो. ६.२ ऐवजी ५.० मिळाले तर प्रकाश निम्म्याहून कमी, ४८ टक्के. ४.६ मिळाले तर ३६ टक्के. म्हणजे माझ्या उजव्या दिव्यात २१ कॅन्डल पॉवरचा बल्ब होता आणि तो जेमतेम साडेसात देत होता. बारा व्होल्टच्या गाडीत दीड व्होल्ट गेला तर वाईटच, पण चालून जातं. सहातून दीड गेला की चौथाई गेली. शिवाय तेवढ्याच वॅटला सहा व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, त्यामुळे प्रत्येक खराब सांधा दुप्पट व्होल्ट खातो.

उजव्या दिव्याचा हिशोब, टप्प्याटप्प्याने प्रोब लावून :

बॅटरीपासून स्टार्टर, अॅमीटर (करंट दाखवणारा काटा) आणि फायरवॉलवरच्या (इंजिनमागचा पत्रा) जंक्शन बॉक्सपर्यंत ०.२५
दिव्यांचा स्विच ०.३५
स्विचपासून दिव्यापर्यंत वायर ०.३०
होल्डर ०.१५
अर्थिंग, म्हणजे दिव्याच्या डब्यापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.५५

बेरीज १.६०. बरोबर जुळली. अशी बेरीज जुळली की मनाला फार बरं वाटतं.

सगळ्यांत मोठा चोर अर्थिंग. या गाडीत पॉझिटिव्ह चासीला जोडलेला असतो, आणि दिव्याचा करंट डब्यातून, आडव्या दांड्यातून, मडगार्डमधून चासीत परत जातो. आठ वर्षांपूर्वी आम्ही दांडा आणि मडगार्ड भट्टीतला रंग लावून चकाचक करून घेतले. प्रत्येक बोल्टखाली रंगाचा जाड थर. मीच उभा राहून "बोल्टच्या जागाही सोडू नका, गंज धरेल" असं सांगितलं होतं.

७ आणि ८ डिसेंबर

उजव्या दिव्याची वायर डाव्यापेक्षा आखूड, तरी तिच्यात व्होल्ट जास्त जात होता. कारण नळीत सापडलं : टेपखाली पिळून जोडलेला सांधा, तांबं हिरवं पडलेलं.

जुन्या वायरी काढल्या. नव्या २.५ चौरस मिलिमीटरच्या घातल्या, वर सुती विणीचं आवरण, म्हणजे बाहेरून मूळच्यासारखंच दिसतं. थिंबल क्रिम्प करून वर डाग दिला. प्रत्येक दिव्याच्या डब्यातून वेगळी अर्थची वायर त्याच नळीतून आणून चासीला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बसवली. आता करंट मडगार्डच्या भरवशावर नाही. बॅटरीची वेणीदार अर्थपट्टीही नवी.

स्विच स्टीअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी असतो, वर हॉर्नच्या बटणाखालच्या दांडीने फिरतो. उघडला तर आत ग्रीस वाळून काळं झालेलं. संपर्काच्या टिकल्या बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, स्प्रिंग बदलली. रिले, म्हणजे दिव्यांचा करंट स्विचमधून न नेता परस्पर नेणारा विजेवरचा खटका, घालावा असं दोघातिघांनी सुचवलं होतं. स्विच साफ केल्यावर त्यात जाणारा व्होल्टेज ०.०८ वर आला, मग रिलेची गरजच उरली नाही.

एक गोष्ट मात्र मूळ रचनेबाहेरची केली. फोर्डने या गाडीत एकही फ्यूज दिला नव्हता. घासलेली एक वायर चासीला टेकली तर थेट आग. स्टार्टरच्या टर्मिनलपाशी एक फ्यूज बसवला. यात मला काहीही बाटवल्यासारखं वाटत नाही.

१२ डिसेंबर

उजव्या बल्बवर आता ५.८, डाव्यावर ५.८५. भिंतीवर उजवा ६२ लक्स, डावा ६९. उजव्याचा प्रकाश दुपटीच्या वर गेला आणि बल्ब तेच.

त्यानंतर इंजिन चालू केलं, थोडा वेग दिला, आणि दोन्ही बल्ब एकदम उडाले. आधी वायरिंगवर शंका घेतली. कारण निघालं बॅटरीच्या सैल क्लॅम्पमध्ये. अर्थपट्टी बदलताना मी तो हातानेच आवळला होता. या गाडीचा डायनॅमो तीन ब्रशांचा, त्याला व्होल्टेज रेग्युलेटर नाही. त्याचा व्होल्टेज बॅटरीच धरून ठेवते. बॅटरी क्षणभर जरी सुटली तरी डायनॅमो मोकाट सुटतो आणि समोर जे सापडेल ते जाळतो. या गाड्यांचे बल्ब वारंवार जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी बॅटरीचे क्लॅम्प पाहावेत.

१५ डिसेंबर

पुण्याच्या मित्राने आग्रहाने एलईडी बल्ब पाठवले होते, म्हणून प्रामाणिकपणे लावून पाहिले. ठिपक्याच्या मध्यावर ५२ लक्स, आणि रेघेच्या वर, जिथे अंधार हवा तिथे, ४०. रिफ्लेक्टर बनवला आहे एका बारीक तारेसाठी. एलईडीचे चौकोन चारी बाजूंना पसरलेले, त्यांतला एकही नाभीवर, म्हणजे रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर, बसत नाही. डोळ्यांसमोरचा बोनट आणि जवळची दहा मीटर लख्ख होतात, म्हणून चालवणाऱ्याला छान वाटतं. लांबचं दिसत नाही, समोरचा आंधळा होतो. काढून परत डबीत ठेवले.

१९ डिसेंबर

हुपरीला गेलो.

रिफ्लेक्टर हातात घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिले तेव्हा चूक कळली. पितळेच्या रिफ्लेक्टरवर मूळ मुलामा चांदीचा असतो. आमच्यावर क्रोम आहे, मागच्या डागडुजीत कोणीतरी बंपरबरोबर तेही क्रोमच्या टाकीत घातले. क्रोम डोळ्यांना चकचकीत दिसतं, पण पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ६५ टक्के परत फेकतं. ताजी चांदी ९५ च्या आसपास. एक तृतीयांश उजेड तिथेच मरत होता.

कोल्हापूरच्या माणसाला चांदीच्या कामासाठी लांब जावं लागत नाही. हुपरीत घराघरांत पैंजण, करगोटे, छल्ले बनतात. ज्या कारागिराकडे गेलो ते साठीचे. रिफ्लेक्टर उलटसुलट फिरवून म्हणाले, "ह्यात जेवणार कोण?" मग मी दिव्याचं सांगितलं. त्यांनी तो दाराशी नेला, उन्हाचा कवडसा त्यात धरला, समोरच्या भिंतीवर पडलेला ठिपका हलवून पाहिला आणि म्हणाले, "इथं दबलंय बघा. मुलामा नंतर. आधी हे वर आणाय पायजे." कडेला अंगठ्याएवढा खोलगट दाब होता. मी आठ वर्षांत तो पाहिला नव्हता.

ठरलं असं : जुनं क्रोम आणि त्याखालचं निकेल उतरवायचं, दाब लाकडी साच्यावर हलक्या हाताने काढायचा, तांब्याचा पातळ थर, वर चांदी. बफिंग मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल घासलं की बारीक वर्तुळाकार ओरखडे राहतात आणि प्रकाश विस्कटतो. वरून लॅकर नको, ते उष्णतेने पिवळं पडतं. त्यांना बफिंगचं सांगायला गेलो तर ते हसून म्हणाले, "ते आमाला सांगू नका, दादा."

४ जानेवारी २०२५

रिफ्लेक्टर आले. बोट लावायचं नाही म्हणून त्यांनी मलमलीत गुंडाळून दिले. आत पाहिलं तर आपला चेहरा नाभीपाशी उलटा होऊन पसरतो, आणि कुठेही लहर नाही. आण्णा बराच वेळ हातात घेऊन बसले होते.

काचेखालच्या गॅस्केटबद्दल. बाजारात रबराची मिळतात, घट्टही बसतात. घेऊ नयेत. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात आणि गंधकाने चांदी काळी पडते. बंद डब्यात रबर ठेवणं म्हणजे मुलामा स्वतःच्या हाताने काळा करणं. मूळचं गॅस्केट बुचाचं होतं. बुचाची शीट आणून कापली.

५ जानेवारी

आज मुद्दाम फक्त उजवा चांदीचा बसवला, डावा क्रोमचाच ठेवला. उजवा ६२ वरून ८८ वर. डावा ६९ वर तसाच. रंगही वेगळा. क्रोमचा उजेड निळसर करडा, चांदीचा उबदार. पोरगी म्हणाली, "बाबा, एक डोळा म्हातारा आणि एक तरणा वाटतोय." नंतर डावाही बदलला : ९७.

११ जानेवारी

फोकस. पूर्ण दिवस यात गेला आणि सगळ्यांत जास्त फायदाही यातच झाला.

मॉडेल एच्या दिव्याच्या मागे एक स्क्रू असतो. तो फिरवला की बल्ब पुढे-मागे सरकतो. रिफ्लेक्टरच्या नाभीवर फिलामेंट आलं की झोत समांतर निघतो, पुढे-मागे राहिलं की फाकतो आणि मध्ये ते काळं भोक पडतं. त्या काळी प्रत्येक बल्बचं फिलामेंट जरा वेगळ्या जागी असायचं, म्हणून बल्ब बदलला की फोकस पुन्हा करायचा अशी पद्धत होती. अमेरिकेत १९४० पासून सीलबंद दिवे आले, फिलामेंट, रिफ्लेक्टर, काच एकजीव, आणि हा स्क्रू गेला. त्याबरोबर तो फिरवणारी माणसंही गेली.

माझ्या डाव्या दिव्याचा स्क्रू पूर्ण आत गेला तरी भोक जाईना. चार ठिकाणांहून आणलेले सगळे बल्ब पोरगीने व्हर्नियरने मोजले, पिनेपासून फिलामेंटपर्यंत. एकाच नावाने विकलेल्या बल्बांत दोन मिलिमीटरपर्यंत फरक. नाभीय अंतर मोजून काही सेंटिमीटरचं, तिथे दोन मिलिमीटर फार झाले. चारांपैकी एकच जोडी स्क्रूच्या टप्प्यात बसली. तीच ठेवली, आणि त्याच दुकानातून आणखी दोन जोड्या मोजून, निवडून आणल्या.

स्क्रू पाव फेरा फिरवायचा, भिंत बघायची, पुन्हा पाव फेरा. लक्स मीटरपेक्षा डोळा इथे बरा. शोधायचा तो सगळ्यांत उजळ ठिपका नव्हे. वरचा काठ सुरीने कापल्यासारखा दिसला की तिथेच थांबायचं.

उजव्याचं तिरकं ठिपकं फोकसने सुटलं नाही. ते काचेमुळे होतं. काचेवरच्या उभ्या पन्हळी झोताला आडवं पसरवतात. काच चौकटीत थोडी फिरून बसली होती, त्यामुळे पसरणंही तिरकं. पन्हळी ओळंब्याला लावून काच बसवली आणि ठिपकं सरळ झालं.

रात्री साडेअकरा : उजवा १६८, डावा १७२ लक्स.

१२ जानेवारी

दांड्याखालचे नट किंचित सैल करून दोन्ही दिवे रेघांना जुळवले. वरचा काठ ९५ सेंटिमीटरवर, मध्ये ७६. नट आवळताना दिवा हमखास हलतो, म्हणून पोरगीने डबा धरून ठेवायचा, मी आवळायचं.

हिशोब. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, त्याचा वर्ग ५८. भिंतीवरचे लक्स गुणिले ५८ केले की झोताची तीव्रता कॅन्डेलात मिळते : सुरुवातीला उजवीकडे १,७०० होती, आता दोन्हीकडे जवळजवळ १०,०००. बल्ब अजून २१ कॅन्डल पॉवरचेच.

१८ जानेवारी

मोठ्या बल्बांचा प्रश्न मिटवून टाकला. २१ चे दोन बल्ब मिळून सुमारे सव्वापाच अँपिअर घेतात, मागचा दिवा धरून सहा. डायनॅमोचा तिसरा ब्रश (किती करंट निघावा ते याच्या जागेवर ठरतं) मी असा लावला आहे की दिवे बंद असताना अॅमीटर बॅटरीत जाणारे १० अँपिअर दाखवतो, लावल्यावर ४. हेच ३२ चे बल्ब घातले तर दोघांचे आठ अँपिअर. सपाटीला कसंबसं भागेल, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये डायनॅमोचा वेग पडतो आणि बॅटरी रिकामी होत जाते. मग व्होल्टेज पडतो, आणि ३२ चा बल्ब २१ पेक्षा कमी उजेड देतो. नको.

मॉडेल ए च्या आधीच्या टी गाडीत, १९१५ पासून, दिवे थेट फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोवर (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारी चुंबकं) होते. इंजिन मंदावलं की दिवे मंद. आण्णांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं : वळणावर वेग कमी करावा तर दिसेना, म्हणून गिअर पाडून इंजिन ओरडवत वळण घ्यायचं. त्या मानाने बॅटरीवरचे आमचे दिवे राजेशाही.

२५ जानेवारी

तोच रस्ता, तीच खुर्ची, तेच गोणपाट, पाच फेऱ्या. सरासरी ६४ मीटर.

पोरगीला वाटलं होतं पाचपट उजेड म्हणजे पाचपट लांब. तसं होत नाही. अंतराच्या वर्गाने उजेड विरळ होतो, म्हणून पाचपट उजेडाला अंतर सव्वादोनपटच मिळतं. २८ चे ६४ त्यात बसतात. थांबायला लागतात ३३. आता हातात तीस मीटर उरतात.

८ फेब्रुवारी

काल रात्री आण्णांना घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याने वाघबिळापर्यंत गेलो. थंडी होती, धुकं नव्हतं. वळणावर झोत कड्यावरून फिरत जातो तेव्हा दगडाच्या कपारीतलं गवत वेगळं दिसत होतं. उतरताना उसाची ट्रॉली भेटली, तशीच, दिव्याशिवाय. मी तिला ओळखलं तेव्हा आण्णांनी गप्पांचा सूर न मोडता नुसता हात वर केला होता. त्यांनी माझ्याआधी पाहिली होती. डिपर दिला, थांबलो, ट्रॅक्टरवाल्याला उतरवून मागे आमच्याकडची लाल पट्टी चिकटवली. असा एक गठ्ठा आता गाडीतच ठेवला आहे.

परतताना पोरगी आमच्या मागून जीप घेऊन येत होती. घरी आल्यावर तिने सांगितलं की जीपचे दिवे मंद केले की आमचा मागचा दिवा चाळीस मीटरवर दिसेनासा होतो. तीन कॅन्डल पॉवरचा एकच बल्ब, आणि त्याचंही अर्थिंग मडगार्डमधूनच. उद्या मल्टिमीटर तिकडे लावतो.